सुईची धास्ती आणि पोटातल्या चौदा इंजेक्शनांचं भूत

कुत्रं चावलं की परभणीकडच्या गावांत, आखाड्यांवर अजूनही पहिला प्रश्न ऐकू येतो: 'पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील का?' एवढ्या एका धास्तीपायी कुणी जखमेवर हळद-मिरची भरतं, कुणी चुना लावतं आणि घरीच बसतं.

ही धास्ती कुणी मनानं रचलेली नाही. मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस खरोखरच रोज एक अशी पोटाच्या कातडीखाली टोचत, आणि ती फार दुखायची. पण 2005 च्या सुमारास ती देशातून बंद झाली. आता रेबीजची लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर चार खेपा: पहिली सुई घेतली त्या दिवशी, मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दर खेपेला दोन्ही दंडांत प्रत्येकी 0.1 मिली, म्हणजे थेंब-दोन थेंब औषध. स्नायूत दिली तर पाच खेपा, त्याही दंडातच. लहान लेकरांना मांडीत. पोटाला कुणी हात लावत नाही. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक औषध भरतात. ते मात्र दुखतं, आणि ते चुकवू नये. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त बोचतो: सुईला भिणारा माणूस भित्रा. पोतं पाठीवर घेणारा, रात्री एकटा पिकाला पाणी देणारा गडी सुई बघून कोसळतो, आणि लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. इतर भीतीत छातीचे ठोके वाढतात. सुई आणि रक्ताच्या भीतीत काहींचे ठोके आधी वाढतात आणि मग एकदम मंदावतात, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं शरीर बऱ्याचदा घराण्यातूनच आलेलं असतं.

त्यावर उपायही शरीराचाच आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी तो 1980 च्या दशकात मांडला. पाय, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद करकचून आवळायची, चेहरा गरम वाटला की सोडायची, अर्ध्या मिनिटानं पुन्हा. असं पाच वेळा. सुई घ्यायचा दंड तेवढा सैल ठेवायचा. घरी आठवडाभर सराव केला तर उत्तमच. ज्याला चक्कर येते त्यानं आडवं होऊनच सुई घ्यावी.

लेकरांच्या मनात ही भीती पुष्कळदा आपणच पेरतो. 'जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' ही धमकी कृपा करून बंद करा. 'अजिबात दुखणार नाही' हेही सांगू नका. एकदा खोटं पकडलं की पुढच्या वेळी लेकरू आपलं ऐकत नाही. 'मुंगी चावल्यासारखं होईल, मी जवळ आहे' एवढं पुरे. तान्ह्या बाळाला टोचताना आईनं अंगावर पाजलं तर त्याला कमी दुखतं. नंतर ती जागा चोळू नये.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, आणि सिस्टरला आधीच सांगा: 'मला सुईची भीती वाटते, झोपूनच द्या.'