विमानाच्या कारखान्यातून रस्त्यावर : सुबारूची शंभर वर्षे

सुबारू ही जपानी मोटार कंपनी विमानांच्या कारखान्यातून जन्मली. १९१७ साली सुरू झालेली एक छोटी कार्यशाळा, महायुद्धात लाखो माणसांना कामाला जुंपणारा प्रचंड उद्योग, पराभवानंतर त्याचे झालेले तुकडे, त्यांतल्या काहींनी १९५३ साली एकत्र येऊन उभारलेली फुजी हेवी इंडस्ट्रीज आणि २०१७ पासूनची सुबारू कॉर्पोरेशन, असा तिचा प्रवास आहे. या प्रवासात नाव, मालक आणि माल वारंवार बदलले. कमी वजनात जास्तीत जास्त बळकटी साधण्याचे विमान-अभियंत्यांचे कसब मात्र एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले. हे सातत्य कसे टिकले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेतल्याशिवाय या कंपनीचा इतिहास कळत नाही.

ओताची कार्यशाळा

चिकुहेई नाकाजिमा यांचा जन्म १८८४ साली गुन्मा प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. जपानी नौदलात ते यंत्रशाखेचे अधिकारी होते. १९१२ साली ते अमेरिकेत गेले आणि विमाननिर्माते कर्टिस यांच्या शाळेत विमान चालवायला शिकले. जपानसारख्या तुटपुंज्या साधनांच्या देशाला युद्धनौकांची शर्यत परवडणार नाही, त्याने विमानांकडे वळावे आणि ती खासगी कारखान्यांत तयार व्हावीत, असे त्यांचे ठाम मत बनले. त्यासाठी १९१७ साली त्यांनी नौदलाची नोकरी सोडली आणि गावाजवळच्या ओता येथे विमान-संशोधन कार्यशाळा थाटली. जवळून वाहणाऱ्या तोने नदीचे विस्तीर्ण पात्र चाचणीच्या उड्डाणांना सोयीचे होते.

सुरुवातीची विमाने कोसळली. तेव्हा तांदळाचे भाव भडकलेले होते आणि त्या भाववाढीशी नाकाजिमांच्या न उडणाऱ्या विमानांची तुलना करून लोक त्यांची थट्टा करत. १९१९ साली चित्र पालटले. त्यांच्या ‘प्रकार ४’ विमानाने तोक्यो-ओसाका टपाल उड्डाणाच्या स्पर्धेत यश मिळवले आणि लष्कराने ‘प्रकार ५’ची मागणी नोंदवली. त्याच वर्षी भांडवल पुरवणारे लोकर-उद्योजक सेइबेई कावानिशी यांच्याशी बिनसले. भागीदारी मोडली आणि नाकाजिमा एअरक्राफ्ट स्वतंत्रपणे चालू राहिली. कावानिशी घराण्यानेही पुढे आपला वेगळा विमान कारखाना काढला.

विमानाचे मर्म इंजिनात असते, हे ओळखून कंपनीने इंजिनांवर मेहनत घेतली. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचे ‘ज्युपिटर’ इंजिन परवान्याने बनवताना जे ज्ञान मिळाले, त्याच्या आधारे ‘कोतोबुकी’ हे स्वतःचे इंजिन आले. त्यानंतरचे १४ सिलिंडरचे ‘साकाए’ इंजिन सर्वांत गाजले. मित्सुबिशीने आखलेल्या प्रसिद्ध ‘झीरो’ लढाऊ विमानात हेच इंजिन होते. इतकेच नव्हे, तर एकूण झीरो विमानांपैकी निम्म्याहून अधिक नाकाजिमाच्या कारखान्यांत तयार झाली. लष्करासाठीची ‘हायाबुसा’ आणि ‘हायाते’ ही लढाऊ विमाने, तसेच पर्ल हार्बरच्या हल्ल्यात वापरलेले नौदलाचे ‘प्रकार ९७’ टॉर्पेडो-विमान ही कंपनीची स्वतःची निर्मिती होती. नाकाजिमा स्वतः १९३० साली संसदेवर निवडून आले आणि १९३७ साली रेल्वेमंत्री झाले. कारखाना, लष्कर आणि सत्ता यांची गाठ अशी घट्ट बसली.

युद्धाचा हिशेब

युद्धाच्या अखेरीपर्यंत कंपनीने सुमारे २६ हजार विमाने तयार केली आणि कामगारांची संख्या अडीच लाखांच्या घरात गेली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे शाळकरी मुलामुलींना यंत्रांवर उभे करण्यात आले. डिसेंबर १९४४ मध्ये आइची प्रांतातल्या हांदा येथे भूकंपाने कारखान्याच्या इमारती कोसळल्या, तेव्हा मेलेल्यांत अशी कित्येक मुले होती. त्याआधी काही दिवस, २४ नोव्हेंबर १९४४ रोजी, बी-२९ विमानांनी तोक्योवर पहिला हल्ला केला. त्याचे लक्ष्य मुसाशिनो येथील नाकाजिमाचा इंजिन कारखाना हेच होते. पुढे त्यावर अनेकदा बॉम्ब पडले.

याच धामधुमीत दोन टोकाच्या योजना चालू होत्या. सहा इंजिनांच्या ‘फुगाकू’ बॉम्बफेकी विमानाने जपानहून निघून थेट अमेरिकेवर हल्ला करायचा, ही नाकाजिमा यांची कल्पना कागदावरच राहिली. ‘किक्का’ हे जपानचे पहिले जेट विमान मात्र ७ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे हिरोशिमाच्या दुसऱ्या दिवशी, किसाराझू तळावरून उडाले. आठवडाभरात जपानने शरणागती जाहीर केली. नाकाजिमा यांच्यावर युद्धगुन्ह्याचा संशय ठेवण्यात आला. त्यातून १९४७ साली त्यांची सुटका झाली आणि १९४९ साली ते वारले.

उडणे बंद, हात मोकळे

विजेत्या राष्ट्रांनी जपानला विमाने बनवण्याची आणि त्यांवर संशोधन करण्याचीही बंदी घातली. ही बंदी १९५२ पर्यंत टिकली. कंपनीचे नाव फुजी सांग्यो झाले आणि मोठ्या उद्योगसमूहांचे विघटन करण्याच्या धोरणाखाली १९५० साली तिचे अनेक लहान कंपन्यांत तुकडे झाले. पत्रा ठोकणारे कारागीर, इंजिनतज्ज्ञ आणि आरेखक आपापल्या ठिकाणी होते. त्यांना करायला काम नव्हते. भांडीकुंडी आणि शेतीची अवजारे अशा मिळेल त्या वस्तू बनवून कारखाने तग धरून राहिले.

१९४६ साली एका अमेरिकी स्कूटरचा अभ्यास करून ‘रॅबिट’ स्कूटरचा पहिला नमुना तयार झाला. त्याला ‘गिंगा’ बॉम्बफेकी विमानाची उरलेली शेपटीकडची चाके लावली होती. इसेसाकीच्या कारखान्याने १९४९ साली मागे इंजिन असलेली बस काढली. तिला वेगळी चासी नव्हती. विमानाचे धड जसे आपल्या बाह्य कवचावरच सारा भार पेलते, तशी तिची बांधणी होती. मोनोकॉक नावाची ही पद्धत पुढे कंपनीच्या मोटारींचा पाया ठरली.

सगळ्या शाखा एका मार्गाने गेल्या नाहीत. इंजिने बनवणारी एक शाखा प्रिन्स मोटर कंपनी झाली. तिने ‘स्कायलाइन’ मोटार काढली आणि १९६६ साली ती निसानमध्ये विलीन झाली. ‘हायाबुसा’च्या आखणीत भाग घेतलेले हिदेओ इतोकावा यांनी याच शाखेच्या मदतीने ‘पेन्सिल’ हे जेमतेम वीतभर लांबीचे रॉकेट बनवले आणि एप्रिल १९५५ मध्ये कोकुबुंजी येथे त्याची चाचणी घेतली. जपानच्या अंतराळ कार्यक्रमाची ही सुरुवात होती. २००५ साली जपानी यान ज्या लघुग्रहावर उतरले, त्याला इतोकावा यांचे नाव आहे आणि त्या यानाचे नाव ‘हायाबुसा’च होते.

सहा तारे

जुलै १९५३ मध्ये पाच जुन्या शाखांनी मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीजची स्थापना केली आणि १९५५ साली त्या तिच्यात विलीन झाल्या. पहिले अध्यक्ष केंजी किता यांनी मोटारीसाठी सुबारू हे नाव निवडले. जपानी भाषेत सुबारू म्हणजे कृत्तिका. बोधचिन्हातला मोठा तारा नव्या कंपनीचा आणि पाच लहान तारे घटक कंपन्यांचे.

पहिली मोटार ‘सुबारू १५००’ चांगली असूनही भांडवलाअभावी मोजक्याच नगांवर थांबली. त्या सुमारास सरकारने लहान मोटारींसाठी सवलती ठेवल्या होत्या. लांबी तीन मीटर आणि इंजिन ३६० सीसी, या मर्यादेत बसणाऱ्या वाहनांना त्या मिळत. एवढ्याशा जागेत चार माणसे बसवण्याचे काम शिनरोकू मोमोसे यांच्याकडे आले. युद्धकाळात त्यांनी विमानाच्या इंजिनांवर काम केले होते. त्यांनी पातळ पत्र्याला गोलाई देऊन ताठपणा आणला, छप्पर फायबरचे केले, १० इंची चाके खास बनवून घेतली आणि दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागे बसवले. मार्च १९५८ मध्ये जाहीर झालेल्या ‘सुबारू ३६०’चे वजन ३८५ किलो होते. तिच्या आकारावरून लोकांनी तिला लेडीबग किड्याचे नाव दिले. १९७० पर्यंत तिचे सुमारे ३ लाख ९० हजार नग निघाले. ज्या कुटुंबाला मोटार परवडणे शक्यच नव्हते, त्याला ती प्रथमच आवाक्यात आली.

समोरासमोरचे सिलिंडर, चारही चाकांची ओढ

१९६६ साली विक्रीस आलेल्या ‘सुबारू १०००’ने कंपनीची पुढची दिशा ठरवली. तिचे सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे होते. अशा बॉक्सर इंजिनात समोरासमोरच्या पिस्टनांचे धक्के एकमेकांना छेद देतात, त्यामुळे थरथर कमी होते. इंजिन बसके असल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही खाली येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एका सरळ रेषेत मांडल्यामुळे डावी-उजवी बाजू समतोल राहिली.

या मांडणीचा खरा लाभ पुढे दिसला. ईशान्य जपानच्या बर्फाळ डोंगरांत वीजवाहिन्यांची पाहणी करणाऱ्या तोहोकू वीज कंपनीच्या माणसांना उघड्या जीपची थंडी सोसवत नव्हती. त्यांना चारही चाकांना शक्ती देणारी, पण बंदिस्त मोटार हवी होती. सुबारूच्या गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे एक दांडा नेला की काम होत होते. काही गाड्या अशा बदलून दिल्यावर सप्टेंबर १९७२ मध्ये ‘लिओने’ची फोर-व्हील ड्राइव्ह इस्टेट व्हॅन विक्रीस आली. तोवर जीप आणि लष्करी वाहनांपुरती असलेली सोय तिच्यामुळे नेहमीच्या वापराच्या मोटारीत आली. हिमवृष्टीच्या प्रदेशांत सुबारूला निष्ठावान गिऱ्हाईक मिळाले ते यामुळे.

अमेरिका, रॅली आणि भागीदार

१९६८ साली अमेरिकेत विक्री सुरू झाली तेव्हा ‘सुबारू ३६०’ तिथल्या महामार्गांपुढे टिकली नाही. ग्राहकांच्या एका मान्यवर मासिकाने तिला अस्वीकार्य ठरवले. फोर-व्हील ड्राइव्हच्या मोटारींनी ते अपयश भरून काढले. १९८९ साली इंडियाना राज्यातल्या लाफायेट येथे इसुझूच्या भागीदारीत कारखाना सुरू झाला. आज अमेरिका हीच कंपनीची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे.

१९८९ सालीच नव्या ‘लेगसी’ने अॅरिझोनाच्या चाचणीमार्गावर एक लाख किलोमीटरचे अंतर ताशी सरासरी २२३ किलोमीटर वेगाने कापून विक्रम केला. जागतिक रॅली स्पर्धेत ब्रिटनच्या प्रोड्राइव्हबरोबर उतरलेल्या सुबारूने १९९५, १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षे निर्मात्यांचे विजेतेपद मिळवले. चालकांमध्ये कॉलिन मॅकरे (१९९५), रिचर्ड बर्न्स (२००१) आणि पेटर सोलबर्ग (२००३) जगज्जेते झाले. निळ्या रंगाची ‘इम्प्रेझा’ घराघरांत ओळखीची झाली. आर्थिक मंदीमुळे २००८ च्या अखेरीस कंपनी स्पर्धेतून बाहेर पडली.

मध्यम आकाराच्या कंपनीला एकटीने टिकणे अवघड असते. १९६८ पासून निसान, नंतर २० टक्के भाग घेऊन जनरल मोटर्स आणि २००५ पासून टोयोटा असे भागीदार बदलले. जनरल मोटर्सच्या काळात सुबारूची ‘फॉरेस्टर’ भारतात शेव्हर्ले या नावाने विकली गेली. टोयोटाचा वाटा २०२० मध्ये २० टक्क्यांवर पोचला. स्वस्तात लहान मोटारी बनवणे परवडेनासे झाल्यावर २०१२ साली कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले. त्यापूर्वीच बस आणि रेल्वेच्या डब्यांचे काम बंद झाले होते.

विमानांचे काम

बंदी उठताच कंपनी पुन्हा विमानांकडे वळली. जानेवारी १९५८ मध्ये तिने टी-१ हे युद्धोत्तर जपानचे पहिले जेट विमान उडवले. त्यातले ब्रिस्टलचे ‘ऑर्फियस’ इंजिन भारताच्या ‘नॅट’ आणि ‘मारुत’ या विमानांतही होते. १९६५ साली चार आसनी एफए-२०० उडाले. १९६० च्या दशकापासून बेल कंपनीची हेलिकॉप्टरे परवान्याने तयार होऊ लागली. बोइंगच्या ७७७ आणि ७८७ विमानांत दोन्ही पंखांना धडाशी जोडणारी मधली पेटी सुबारू बनवते. उड्डाणातला प्रचंड ताण याच भागावर येतो. हे काम हांदा येथे होते.

आजची स्थिती

दोन कॅमेऱ्यांनी पुढचा रस्ता पाहून ब्रेक लावणारी ‘आयसाइट’ यंत्रणा २००८ साली आली आणि सुरक्षिततेत कंपनीचा दबदबा वाढला. १ एप्रिल २०१७ रोजी मूळ कंपनीनेच सुबारू हे नाव घेतले. त्याच वर्षी प्रमाणपत्र नसलेल्या कर्मचाऱ्यांकडून मोटारींची अंतिम तपासणी होत असल्याचे उघड झाले आणि कंपनीला माफी मागून लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या. टोयोटासोबत विकसित केलेली विजेवर चालणारी ‘सोल्टेरा’ २०२२ साली आली. विजेच्या मोटारीत बॉक्सर इंजिनाला जागा नाही, त्यामुळे पन्नासहून अधिक वर्षे कंपनीची ओळख असलेली मांडणी नव्याने ठरवावी लागणार आहे.

अशी वेळ या कंपनीवर पूर्वीही आली आहे. १९४५ साली तिच्याकडून विमाने काढून घेतली गेली, तरी ती बनवणारी माणसे राहिली आणि त्यांच्या हातचे काम स्कूटर, बस आणि मोटारीत उतरले. या कसबाची वाढ युद्धासाठी झाली आणि त्याची किंमत हांदाच्या मुलांनी व मुसाशिनोच्या कामगारांनीही मोजली, हे विसरता येत नाही. तेच कसब पुढे सामान्य कुटुंबाची पहिली मोटार आणि प्रवासी विमानाचा कणा घडवण्याच्या कामी आले, हे सुबारूच्या शतकाचे खरे संचित आहे.