घराच्या ऊर्जेचा हिशेब

या व्याख्यानमालेला वसंताचे नाव असले, तरी नागपुरात वसंत फार दिवस मुक्काम करीत नाही. होळी पेटली की घरोघर माळ्यावरचे कूलर खाली येतात, त्यांच्या जुन्या ताट्या जाऊन नव्या बसतात, आणि पुढचे तीन महिने जो तो एकच गोष्ट विचारतो : आज पारा किती चढला? बाहेरचा पारा आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचतो. परंतु त्यातली किती उष्णता आपल्या घराने आत घेतली, हे कोणी मोजीत नाही. तांदूळ घेताना आम्ही तो तळहातावर घेऊन पाहतो, फ्रिज घेताना त्यावरचे तारे मोजतो. आणि जन्मभराची पुंजी ओतून घर घेताना मात्र फरशी, नळ आणि बसथांब्याचे अंतर एवढे पाहून सही करून मोकळे होतो. हे घर दरसाल किती वीज मागेल, असा प्रश्न विचारता येतो हेच आम्हांला ठाऊक नसते. तो कसा विचारावा आणि आलेले उत्तर कसे वाचावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

घरात उष्णता मुख्यतः तीन वाटांनी शिरते : छतातून, भिंतींतून आणि खिडक्यांतून. यांपैकी कोणती वाट किती रुंद आहे हे सांगणारे जे माप, त्यास यू-मूल्य म्हणतात. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता पलीकडे जाते, तो आकडा म्हणजे यू-मूल्य. आकडा जितका लहान, तितका अडथळा मोठा.

आमच्याकडच्या साध्या सिमेंट-काँक्रीटच्या, सहा इंची स्लॅबचे यू-मूल्य ३.३ च्या आसपास येते. आता चाळीस चौरस मीटरचे छत घ्या, आणि उन्हाचा ताप धरून बाहेरची बाजू खोलीपेक्षा वीस अंशांनी अधिक तापली आहे असे समजा. गुणाकार केला तर अडीच हजारांहून अधिक वॉट उष्णता एकट्या छतातून खाली उतरते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र साधारणपणे साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर फेकते. म्हणजे त्याची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती नुसत्या छताशी झुंजण्यात खर्ची पडली! त्याच स्लॅबवर इंचभर जाडीचा उष्णतारोधक फोम घालून वर जलरोधक थर आणि फरशी केली, तर यू-मूल्य एकाच्या जवळ येते आणि अडीच हजारांचे आठशे वॉट होतात. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात स्लॅब दिवसभर उष्णता साठवून ठेवतो आणि रात्री ती सावकाश खाली सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री अकरा वाजता पंख्याखालीही झळ लागते, तिचे मूळ हेच होय.

या मापांना आपल्या देशात नियमाचे रूप मिळाले ते अलीकडे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला, आणि २००६ पासून फ्रिज व वातानुकूलन यंत्रांवर तारे दिसू लागले. घरांची पाळी यावयास डिसेंबर २०१८ उजाडला. त्या महिन्यात ‘इको-निवास संहिते’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. तिच्यात छताचे यू-मूल्य १.२ हून अधिक असू नये असे म्हटले आहे. आमचा उघडा स्लॅब या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट भरतो. भिंती व खिडक्या मिळून दर चौरस मीटरमागे आत येणारी सरासरी उष्णता १५ वॉटच्या आत असावी, अशी दुसरी अट आहे. तिसरी अट खिडक्यांची. या संहितेच्या वर्गवारीत नागपूर ‘संमिश्र’ हवामानात मोडते, आणि अशा ठिकाणी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई-क्षेत्राच्या निदान साडेबारा टक्के, म्हणजे एक-अष्टमांश, हवे. ऐंशी चौरस मीटरच्या घरास दहा चौरस मीटर.

ही तिसरी अट नागपूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. चैत्र-वैशाखातील कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. वातानुकूलन यंत्राच्या मानाने त्यास वीज फारच थोडी लागते, मात्र पाणी बरेच लागते. पण त्याने आत लोटलेली हवा समोरून बाहेर जावयास हवी, नाही तर खोली दमट होते. आम्ही काय करतो? खोलीला असलेल्या एकुलत्या एका खिडकीतच कूलर बसवितो! पुढे पाऊस सुरू झाला, हवा ओली झाली, की तोच कूलर निरुपयोगी ठरतो आणि नुसत्या वाऱ्यावर भिस्त राहते. तेव्हा ती खिडकी कूलरने अडविलेली असते.

संहितेच्या पाठोपाठ २०१९ मध्ये घरांसाठी तारांकनाची ऐच्छिक योजना आली. वर्षाला दर चौरस मीटरमागे घर किती युनिट वीज घेईल याचा हिशेब करून एक ते पाच तारे द्यावयाचे, अशी तिची रीत आहे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने घर विकताना वा भाड्याने देताना असा दाखला सक्तीचा केला, आणि इंग्लंडमध्ये २००७ पासून घरांना ‘ए’ ते ‘जी’ अशी अक्षरे मिळू लागली. तिकडचा प्रश्न थंडीचा, आमचा उन्हाचा. पण घेणाऱ्यास आधी कळावे हे तत्त्व एकच.

तथापि मापावर आंधळा विश्वास टाकू नये. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्याने तो संवेदकाचा दोष असल्याचे सांगितले. घराचा दाखलाही नकाशावरून केलेले गणित असते. गवंड्याने फोमच्या पट्ट्या नीट बसविल्या की नाही, आणि राहणाऱ्याने यंत्र वीस अंशांवर ठेवले की सव्वीसवर, हे त्या गणितास ठाऊक नसते. यू-मूल्य तरी सर्व काही कोठे सांगते? गच्चीला पांढरा चुना दिल्याने स्लॅबचे यू-मूल्य बदलत नाही. पण ऊन परतविले जाते आणि खोली निवते. म्हणून गणिताला अनुभवाची जोड हवी.

ती जोड ज्याला त्याला घरच्या घरी देता येते. मागील बारा महिन्यांची विजेची बिले काढावी. समजा, साठ चौरस मीटरच्या घरात वर्षाला २४०० युनिट लागले. म्हणजे चौरस मीटरमागे ४०. आता फेब्रुवारीचे बिल पाहावे, कारण त्या महिन्यात गारव्यासाठी वीज फारशी लागत नाही. ते ११० युनिटचे असेल, तर बारा महिन्यांचे १३२० झाले. उरलेले १०८० युनिट, म्हणजे चौरस मीटरमागे १८, हा बहुतांशी उन्हाळ्याला भरलेला कर होय. छतावर खर्च करण्यापूर्वी हा आकडा लिहून ठेवावा आणि वर्षाने पुन्हा काढावा. नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जाळून वीज होते. वाचलेल्या युनिटाची राखही आपल्याच शिवारात कमी पडते.

येथवर युनिटांचा हिशेब झाला. पण त्यावरच थांबलो तर मोठा अन्याय होईल. टिनाच्या छपराखाली एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या कुटुंबाचे बिल घ्या. त्यांचा आकडा इतका लहान येईल की पाच तारे द्यावेत! ही काटकसर नव्हे, नाइलाज आहे. त्या घरातली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले जे सोसतात त्याची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही. शिवाय २०१८ ची संहिता मुळात ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे, म्हणजे सुमारे ५४०० चौरस फूट. आमच्या ले-आउटमधली दीड-दोन हजार फुटांची घरे तिच्या बाहेर, आणि झोपडी तर त्याहून बाहेर. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या हे ठीक झाले. पण जेथे उष्णता सर्वांत अधिक जाचते तेथे माप अजून पोचलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, घराची परीक्षा दोन आकड्यांनी करावी : एक युनिटांचा, दुसरा अंशांचा. वैशाखात रात्री दहा वाजता, यंत्रे बंद असता, खोलीतील आणि अंगणातील तापमान साध्या तापमापकाने पाहावे. बाहेर निवले असून आत चार-पाच अंश अधिक असतील, तर बिल कितीही लहान असो, ते घर नापास समजावे. २०१६ मध्ये नागपूरने उष्माघात टाळण्यासाठी कृती-आराखडा हाती घेतला; अशा आराखड्यात कोणत्या वस्तीतील छपरे रात्रीही तापलेली राहतात याची यादी असेल, तर चुना आणि पैसा दोन्ही योग्य जागी पडतील.

घर बांधतो एक, विकत घेतो दुसरा, आणि पुष्कळदा राहतो तिसराच. बिल मात्र त्या तिसऱ्याच्या हाती येते. बांधणाऱ्यास फोमचा खर्च दिसतो, राहणाऱ्यास उन्हाळा दिसतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ आकड्यानेच पडेल. पुढच्या वेळी घर पाहावयास जाल तेव्हा छतावर काय घातले आहे, त्याचे यू-मूल्य किती, आणि घर जुने असल्यास मागील बारा महिन्यांची बिले कोठे आहेत, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारा. पहिल्या दहा ठिकाणी कदाचित उत्तर मिळणार नाही. अकराव्या ठिकाणी विकणारा ते आधीच तयार ठेवील.