विश्लेषण : ‘एनबीए जॅम’मध्ये मोठी आघाडी का टिकत नाही?

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दहा-बारा गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या मिनिटाला बरोबरीत सापडतो. जुन्या कन्सोलवर ‘एनबीए जॅम’ खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोष मात्र त्यांच्या बोटांचा नसतो.

गेम नेमका काय?

मिडवे कंपनीने १९९३ मध्ये हा बास्केटबॉल गेम आर्केड यंत्रांवर आणला. मार्क टर्मेल हे त्याचे मुख्य रचनाकार. ४ मार्च १९९४ रोजी अक्लेम कंपनीने तो घरगुती कन्सोलवर आणला. संघात पाचऐवजी दोनच खेळाडू आणि फाउल नाहीत. भोर-वेल्ह्यात कबड्डी पाहत वाढलेल्यांना ही धसमुसळी झटापट लगेच पटेल. समोरच्याला ढकलून चेंडू काढून घेतला तरी शिट्टी वाजत नाही. बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवला, तर मात्र गुण समोरच्याला जातात. याला गोलटेंडिंग म्हणतात.

आघाडी कुठे जाते?

सामना चुरशीचा राहावा म्हणून गेम पिछाडीवरच्या संघाला गुपचूप हात देतो. कन्सोलवर ही मदत सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. मित्रासोबत खेळताना ती आधी बंद करावी, म्हणजे नंतर भांडण नको. टर्मेल स्वतः डेट्रॉइट पिस्टन्सचे चाहते. पिस्टन्सविरुद्धच्या अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सचे अखेरच्या क्षणीचे नेम चुकावेत, अशी सोय आपण केली होती, हे त्यांनी पुढे कबूल केले!

मग जिंकायचे कसे?

एकाच खेळाडूने सलग तीन बास्केट केल्या की तो ‘ऑन फायर’ होतो. चेंडू पेटतो, टर्बो संपत नाही, गोलटेंडिंगही माफ. म्हणून दोन बास्केट झालेल्या गड्याकडेच पुढचा पास द्यावा आणि तिसरी बास्केट लांबून नव्हे, जवळ जाऊन डंकने करावी. समोरचा पेटला असेल तर त्याला अडवण्याच्या नादात वेळ दवडू नये. आपली एक बास्केट झाली की त्याची आग विझते.

टर्बोचे बटण सतत दाबून ठेवणे ही नवख्यांची सवय. टर्बो ढकलण्यासाठी आणि डंकसाठी राखावा. लांबून नेम धरताना उडी सर्वात उंच असताना बटण सोडावे. आणि मदत सुरू असेल, तर सुरुवातीच्या आघाडीवर विसंबू नये. चौथ्या क्वार्टरचे शेवटचे काही सेकंद चेंडू आपल्याकडे राहील, हे पाहावे.