गल्ल्याची किल्ली कोणाला?

दुकानाच्या बिलिंग मशीनला एआय सहायक जोडायचा, असा हट्ट आमच्या धाकट्याने धरला. अब्बांनी एकच विचारलं, "त्याला आपलं काय काय दिसणार?" प्रश्न नेमका होता.

ही जोडणी एपीआयमधून होते. एपीआय म्हणजे एका यंत्रणेने दुसरीकडून माहिती मागण्याचं ठरलेलं दार. असे सहायक बाहेरच्या यंत्रणांना जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत जाहीर केली. दाराची किल्ली मात्र दुकानदाराने द्यायची. सहायकाने नुसतं वाचायचं, की भाव बदलायचे, गिऱ्हाइकाचे पैसेही परत करायचे, हे तेव्हाच ठरवावं लागतं.

आम्ही फक्त विक्री आणि शिल्लक माल वाचायची मुभा दिली. गेल्या रमजानमध्ये कोणत्या आठवड्यात किती खजूर खपला, हे आता विचारताच कळतं. एकदा त्याने अर्ध्या किलोची आणि किलोची पाकिटं सरसकट एकच धरली! तेव्हापासून माल मागवण्याआधी आकडा मशीनच्या अहवालाशी ताडून पाहतो.

उधारीची वही जोडली नाही. महिनाअखेर कोणाची ओढाताण होते, हे त्या वहीत आहे. ती नावं आमच्याकडे अमानत आहेत. धाकटा अजून कुरकुरतोच.