खाऱ्या पाण्यातले कुरळे केस

वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्यातल्या घरात पाणी दोन तऱ्हेचं असतं. नळाचं गोडं आणि बोअरचं खारं. गोडं पाणी दुरून येतं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वान धरणावरच्या 84 खेडी योजनेतून, अकोल्याजवळच्या गावांना खांबोऱ्याच्या 64 खेडी योजनेतून, दर्यापूरकडे शहानूर धरणातून. ते रोज येईलच याचा भरवसा नसतो, म्हणून भरून, झाकून, जपून ठेवतात. खाऱ्यात डाळ शिजत नाही, तेव्हा गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. आंघोळ, धुणं, भांडी बोअरवर. डोकं धुणंही त्याच खात्यात जमा होतं, आणि ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

दर्यापूर तालुक्यातल्या एका घरी मी एक अख्खी सकाळ न्हाणीच्या दाराशी बसून हे पाहिलं. घरात आजी, सून आणि नात. नात अमरावतीला कॉलेजात शिकते, खोली करून राहते. केस तिचे आजीसारखे, बोटाभोवती गुंडाळून सोडावेत तसे वळणांचे. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी आहे. तिथे जो शाम्पू तिला चालतो, तोच गावी आल्यावर केसांची काथ्याची दोरी करून टाकतो. पोरगी तीच, शाम्पू तोच, तेलही तेच. बदललं ते फक्त पाणी. आपले केसच वाईट असं ती शाळेपासून ऐकत आली होती. पहिल्यांदा शंका आली ती दोन ठिकाणच्या आंघोळीतल्या फरकामुळे.

ती शंका खरीच आहे. अंगाच्या साबणाला कॅल्शियम-मॅग्नेशियमचं जड पाणी लागलं की फेस होण्याऐवजी पांढरट साका होतो. तो न्हाणीच्या फरशीवर बसतो तसा केसावरही बसतो. त्यात मीठ असेल तर आणखी पंचाईत, कारण मिठाने साबण पाण्यातून फुटून वेगळा होतो. साबणाच्या कारखान्यात साबण वेगळा काढायला मीठच घालतात. बाजारचा शाम्पू असा फुटत नाही, पण पाण्यातले क्षार केसावर राहतात ते राहतातच, आणि फेसासाठी शाम्पू जास्त ओतला की केसाचं होतं-नव्हतं तेल निघून जातं. सरळ केसाला हे सोसतं. कुरळ्या केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. मुळाशी सुटलेलं तेल वळणावळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही. शेंडे मुळातच कोरडे, त्यावर क्षारांचा खरखरीत थर, आणि मग वरून बारीक दातांची फणी. गुंता होणार नाही तर काय?

आजीच्या लहानपणी साबणाची वडी डोक्यासाठी नव्हतीच. "काई मातीनं धुवो आमी डोक्सं," त्या म्हणाल्या. "नदीच्या काठची, भिजू घातलेली. मंग ताक." वऱ्हाडची काळी माती पाणी पिऊन फुगते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण तेल आणि मळ ओढून घेतात. मुलतानी मातीचा गुणही हाच. पण ही माती चुनखडीची, अल्कधर्मी. नुसत्या मातीने केस राठ होतात. वरून आंबट ताक घेतलं की तो राठपणा उतरतो. कुणाला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण माती आणि ताक ही जोडी कुणी मोडली नाही. मला आजीच्या त्या बोलण्याचं फार अप्रूप वाटलं.

आता घरात काळी माती नाही, रिठा आणि शिकेकाई आहे. अमरावतीच्या इतवाऱ्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून नात आणते. शनिवारी रात्री मूठभर शिकेकाईच्या शेंगा, थोडा सुका आवळा आणि बी काढलेले दोनच रिठे ती गोड्या पाण्यात भिजत घालते. आजीचा आग्रह पाच रिठ्यांचा. "दोनात काय फेस येईन वं पोरी?" पण रिठा जास्त झाला की केस करकरीत स्वच्छ आणि तितकेच कोरडे होतात, हे नातीने स्वतःच्या डोक्यावर शिकून घेतलं आहे. सकाळी सगळं मंद आचेवर उकळायचं. कढई लोखंडाची असेल तर आवळ्यातल्या टॅनिनमुळे पाणी काळं पडतं. तिला ते नको असतं, म्हणून स्टीलचं पातेलं. गार झालं की हाताने कुस्करायचं. रिठ्याची साल चिकट होऊन बोटांना लागते, आंबूस-तुरट वास सुटतो, तपकिरी फेस वर येतो. मग जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळायचं.

हे गाळणं फार महत्त्वाचं आहे. शिकेकाईची तयार पूड पाण्यात कालवून लावतात, ती सरळ केसातून निघून जाते. कुरळ्या केसात तिचा कण न् कण अडकतो, आणि तो काढायला परत फणी चालवावी लागते. ज्या बायका "शिकेकाई आमच्या केसांना मानवत नाही" म्हणतात, त्यांतल्या कित्येकींचं भांडण शिकेकाईशी नसून या भुकटीशी असतं असं माझं मत आहे.

न्हाणीत नात खाली वाकून बसली. सुनेने बोअरचं पाणी ओतून केस भिजवले, आणि काढा केसांवर नव्हे, भांग पाडून फक्त टाळूवर सोडला. डोळे गच्च मिटलेले. रिठा डोळ्यात गेला तर आग आग होते. बोटांच्या पेरांनी टाळू चोळली, नखं लावली नाहीत. फेस थोडाच आला, पण खाऱ्या पाण्यातही फुटला नाही. रिठा-शिकेकाईतल्या सॅपोनिनचा साबणासारखा साका होत नाही, शिवाय काढा किंचित आंबट असतो, त्यामुळे केसाची खवले उचललेली बाहेरची साल मिटते. पुढे धुणंही खाऱ्यानेच. शेवटी मात्र घरच्या हिशेबातून राखून ठेवलेले दोन तांबे गोडं पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळलेलं. ओल्या केसातच बोटांनी शेंड्याकडून वर गुंता सोडवला. फणी आलीच नाही. टॉवेलही नाही, धोतराच्या मऊ तुकड्यात केस दाबून पाणी टिपलं.

इथवर आजीचं राज्य होतं. पुढचं नातीचं. तिने चुलीवर जवस ठेवला. वाटीभर पाण्याला दोन चमचे, सतत ढवळत. आठ-दहा मिनिटांत पाण्यावर पांढरी साय धरल्यासारखं झालं आणि चमचा उचलला की तार खाली लोंबू लागली. लगेच, गरम असतानाच गाळायचं; थंड झालं की फडक्यातून थेंब उतरत नाही. जवसाच्या सालीतला हा चीक ओल्या केसात मुठीने दाबून लावला की वळणं जागच्या जागी धरली जातात. वाळल्यावर केस थोडे कडक लागतात, मग तळहाताला करडईच्या तेलाचा थेंब चोळून ते हलके चुरगाळायचे.

आजी बघत होत्या. जवस त्यांच्या आयुष्यभराचा ओळखीचा. चटणीचा, तेलाचा, ढेप करून म्हशीला घालायचा. डोक्याला लावलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. "मले काऊन नाही सांगतलं कोनं," एवढंच बोलून त्यांनी स्वतःचे पांढरे कुरळे केस पुढे घेतले आणि उरलेला चीक लावून द्यायला सांगितलं. विदर्भात जवसाचं क्षेत्र घटत गेलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं जवसावरचं काम नागपूरच्या कृषी महाविद्यालयात चालतं, वाणही निघाले, तरी हरभरा आणि गव्हापुढे रब्बीत जवस मागे पडला. दोन चमचे चिकाने पीक परत येणार नाही, हे मलाही कळतं. पण या सगळ्या साहित्यात खरोखर इथल्या रानातलं काय, तर जवस, करडई आणि मेळघाटच्या जंगलातला आवळा. शिकेकाई बाहेरून येते. दुकानातल्या पाकिटावर "नैसर्गिक" छापलं म्हणून ती इथली होत नाही.

निसर्गाला सोसणारं म्हणजे काय, याचाही विचार त्या अंगणात करावा लागतो. एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्या गावच्या नालीत तरंगताना दिसतात. त्या अनेक थरांच्या प्लॅस्टिकच्या, भंगारवालाही घेत नाही. काढ्याचा चोथा खताच्या खड्ड्यात जातो, जवसाच्या उकडलेल्या बिया म्हशीच्या घमेल्यात. हा हिशेब उघडच चांगला. पण रिठ्याचं पाणी निर्धोक असतं असं समजू नये. सॅपोनिन माशांना मारतं. रिठ्यासारखी फळं टाकून मासे धरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. मातीत ते मुरून कुजतं, म्हणून न्हाणीचं पाणी परसातल्या झाडांना सोडावं, तळ्यात किंवा शेततळ्यात नव्हे. शिवाय ही काळी माती पाणी लवकर जिरवत नाही. त्या घरी नाली आधी कढीपत्त्याकडे, मग शेवग्याकडे वळवलेली आहे.

सांडपाण्याचा विषय निघाला तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. पावसाळ्यात टिनावरून गळणारं पाणी ती पिंपात धरते, पहिला पाऊस सोडून देऊन. त्या चार महिन्यांत गोड्या पाण्याचे दोन तांबे मागावे लागत नाहीत आणि रिठाही एकच पुरतो.

काढा दोन दिवसांत आंबतो, म्हणून अमरावतीला परत जाताना नात तो नेत नाही. शेंगा, आवळा आणि रिठे कोरडेच डब्यात भरते. तिथे धरणाचं पाणी आहे, तेव्हा रिठा तिने मोजून अर्धा टाकला, आणि आजीला तेवढं दाखवायचं राहू दिलं.