खलपुरुषाचा हेतू आणि पश्चात्ताप

पापनिवेदन ऐकताना ‘हे असे का केलेस?’ हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर मिळाले की पश्चात्तापाचे अर्धे काम झाले, असे मानण्याकडे आपला कल असतो. शेक्सपिअरच्या तीन शोकांतिकांतील खलपुरुष शेजारीशेजारी उभे केले असता या समजुतीस तडा जातो. त्यांपैकी दोन नाटके आगरकरांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) या रूपांनी मराठी वाचकास जुनी परिचित आहेत.

‘ऑथेल्लो’ची कथा चिंथियो ह्या इटालियन लेखकाच्या १५६५ मधील कथासंग्रहातून घेतलेली आहे. मूळ कथेतील दुष्ट अधिकाऱ्याचा हेतू सरळ आहे: सेनापतीच्या पत्नीवर त्याचे मन जडते, ती लक्ष देत नाही, आणि अनुरागाचा द्वेष होतो. शेक्सपिअरने हे सोपे कारण जवळजवळ पुसून टाकले. त्याऐवजी इयागो एकामागून एक कारणे सांगतो. बढती कॅसिओला मिळाली. आपल्या पत्नीचा ऑथेल्लोशी संबंध असल्याची कुणकुण आहे. पुढे तोच संशय कॅसिओवरही. एकही कारण तो धड सिद्ध करीत नाही. इयागोचा दुष्टपणा आधीचा असून हेतू मागाहून शोधलेला आहे, असे कोलरिजचे मत होते व ते बहुतांशी आम्हांस मान्य आहे. तथापि पाचव्या अंकात तो जाता जाता बोलून जातो की, कॅसिओच्या जीवनातील सौंदर्यामुळे आपण कुरूप ठरतो. संत थॉमस अक्वायनस मत्सरास दुसऱ्याच्या हिताबद्दल वाटणारे दुःख म्हणतात, ते येथे नेमके लागू पडते. जे इयागो कारण म्हणून मांडीतच नाही, तेच बहुधा खरे असावे. शेवटी जाब विचारला असता यापुढे अवाक्षर काढणार नाही, असे तो बजावतो.

‘हॅम्लेट’मधील क्लॉडियसच्या हेतूविषयी मात्र कोणास, निदान त्याला स्वतःला, शंका नाही: भावाचा मुकुट आणि भावाची पत्नी. तिसऱ्या अंकात तो एकटाच प्रार्थनेस बसतो. आपला अपराध काइनाचाच आहे हे तो ओळखतो. देवाची दया त्याहून मोठी आहे हेही जाणतो. (पापक्षमेची इतकी स्वच्छ जाण आमच्या कित्येक प्रवचनांतही आढळत नाही.) मग तो स्वतःलाच विचारतो की, ज्या लाभासाठी खून केला तो हाती ठेवून क्षमा कशी मागावी? उत्तर त्याला ठाऊक आहे. तरी मुकुट तो उतरवीत नाही, राणीस सोडीत नाही, आणि प्रार्थना न साधताच उठतो. मागे तलवार उपसून उभा असलेला हॅम्लेट, हा प्रार्थनेत मेला तर स्वर्गी जाईल, या विचाराने हात आवरतो. त्याला टेकलेले गुडघे तेवढे दिसले. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवावा: आपण का लुबाडले हे तो सांगत बसला नाही, चौपट परत करीन एवढेच म्हणाला.

‘किंग लिअर’मधील एडमंडची तक्रार खरी आहे. पहिल्याच प्रवेशात बाप त्याच्या देखत त्याच्या अनौरस जन्माची थट्टा करतो. जेथे जन्मावरून माणसाची किंमत ठरते, तेथील श्रोत्यांना ही जखम समजावून सांगावी लागत नाही. पण त्याच बापास तो शत्रूच्या हवाली करतो आणि वृद्धाचे डोळे काढले जातात. तरीही तिघांत अखेरीस हलतो तो हाच. प्राणांतिक घाव लागलेला असताना, भावाच्या तोंडून पित्याच्या मृत्यूची हकिकत ऐकून तो द्रवतो, परंतु बोलण्यास विलंब लावतो. मग एकदाचा, स्वभावाविरुद्ध का होईना, काही चांगले करावे म्हणून लिअर व कॉर्डेलिया यांना मारण्याची आपली आज्ञा तो उघड करतो आणि खूण म्हणून स्वतःची तलवार पाठवितो. स्वतःच्या तक्रारीचा त्या वेळी उच्चारही नाही. तलवार पोहोचेपर्यंत कॉर्डेलियाला फाशी दिली गेली होती.