पक्षी नको, चिखल बघा

नवी मुंबईत सीवूड्सच्या डीपीएस तलावावर सकाळी टिपलेला फ्लेमिंगोंचा थवा मी घरच्या प्रिंटरवर छापला, तेव्हा घरातले सगळे खूश झाले. गुलाबी रंग काय छान आलाय! मला मात्र पायाखालचा चिखल खटकत होता. आपल्या खाडीचा चिखल करडा असतो. छापलेल्या फोटोत तोही गुलाबी झाला होता आणि मागच्या खारफुटीचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकला होता.

‘प्रिंटर बिघडलाय’ हा आपला पहिला समज. बहुतेक वेळा तसं नसतं. मी फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल, निवडलं होतं आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही चालूच ठेवली होती. एकच दुरुस्ती दोनदा झाली आणि सगळ्या फोटोवर किरमिजी छटा चढली. रंगांचं काम एकाकडेच द्यायचं: सॉफ्टवेअरकडे दिलं तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद, ड्रायव्हरकडे दिलं तर सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’. यात फ्लेमिंगो फार फसवा. जो मुळातच गुलाबी, त्याच्यावर जास्तीचा गुलाबी कळत नाही. शेवाळातल्या कॅरोटिनॉइडमुळे येणारा त्याचा रंगही पक्ष्यागणिक कमीजास्त असतो, त्यामुळे त्याच्यावरून अंदाज बांधणं कठीण. म्हणून परीक्षा करड्याची घ्यावी: चिखल, ढग, डांबरी रस्ता.

‘स्क्रीनवर दिसतं तस्संच कागदावर यायला हवं.’ स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत करतो. दोन्ही हुबेहूब होणार नाहीत, जवळ मात्र नक्की आणता येतात. ‘प्रिंट काळपट येते’ या तक्रारीचं मूळ बहुधा स्क्रीनच्या ब्राइटनेसमध्ये असतं. ब्राइटनेस पूर्ण ठेवून आपण फोटो नको तितका गडद करतो. स्क्रीनचा उजेड मोजणारा कॅलिब्रेटर असेल तर स्क्रीन 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान ठेवा. नसेल तर कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. रात्रीचा पिवळसर मोडही बंद हवा. स्क्रीनवरचे काही भडक गुलाबी आणि निळे कागदावर उतरतच नाहीत, हे खरं. पण चांगल्या ग्लॉसी कागदावर शाईचे काही पिवळे आणि मोरपिशी साध्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेरचे असतात. कागद दरवेळी उणाच पडतो असं समजू नका.

‘छापायचं म्हणजे आधी सीएमवायके करायचं.’ फोटो आधीच शाईच्या चार रंगांत बदलायची ऑफसेट छपाईतली ही सवय घरी उलटी पडते. घरगुती फोटो प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातली फाइलच मागतो. शाया चार असोत की आठ, त्यांची वाटणी तो स्वतः करतो. आधीच सीएमवायके केलेली फाइल दिली तर तिचं पुन्हा रूपांतर होतं आणि वाटेत रंग गळतात.

अ‍ॅडोबी आरजीबी मोठी म्हणून चांगली, हेही अर्धंच खरं. ही रंगपट्टी 1998 ची. एसआरजीबी त्याआधी, 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली. मोठ्या पट्टीचा उपयोग फाइलमध्ये तिचं प्रोफाइल असेल आणि पुढचं सॉफ्टवेअर ते वाचत असेल तरच. नाहीतर तोच गुलाबी थवा धुऊन काढल्यासारखा फिका दिसतो. कॅमेऱ्यातून थेट जेपीईजी छापणाऱ्याने बिनधास्त एसआरजीबी ठेवावी.

‘कुठलाही ग्लॉसी कागद चालतो’ हा समज सर्वात महाग पडतो, कारण त्यात कागद आणि शाई दोन्ही वाया जातात. प्रोफाइल एकट्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून असतं. 1993 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमने (आयसीसी) ही प्रोफाइलची सामाईक भाषा घडवली, म्हणून आज फोटोपेपर बनवणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या कागदांची प्रोफाइल संकेतस्थळावर फुकट देतात. पण बाटलीतली दुसरी शाई भरलीत की ते प्रोफाइल लागू होत नाही. ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकारही नीट निवडावा लागतो, कारण किती शाई सोडायची हे त्यावर ठरतं.

पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं टाकू नका. दमट कागदावर शाई पसरते. आणि ताज्या प्रिंटवर लगेच निकाल देऊ नका. रात्रभर वाळू द्या, मग सकाळी ट्यूबलाइट बंद करून खिडकीपाशी न्या आणि आधी चिखल बघा.